चार ग्लासांवरचं आसन

गुरुवार, २ फेब्रुवारी १९७८. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. भिवंडीतल्या एका पॉवरलूम कारखान्यात कांडीवर नायलॉनचा धागा भरणाऱ्या कमळने मशीन थांबवायला लोखंडी दांड्याकडे हात नेला. बोट टेकायच्या आधीच तिच्या बोटातून निळी ठिणगी उडाली. चट्ट आवाज झाला.

"काय गं, लाइट लागली?" शेजारच्या मशीनवरच्या तुळजाने विचारलं.

"वायरला हात न्हाय लावला मी."

दहा मिनिटांनी पुन्हा तेच. वायरमनने येऊन मशीन उघडलं, बंद केलं. दोष नव्हता. तुळजाने दांडा धरला, आणखी तिघींनी धरला. कुणालाच काही झालं नाही.

"म्हंजे मशीनमध्ये न्हाय," तुळजा हळूच म्हणाली आणि दोन पावलं मागे सरकली. "हिच्यात हाय."

कमळला चौथा महिना होता. शिफ्ट सुटेपर्यंत तिच्या बाजूची दोन्ही मशीनं रिकामी झाली. घरी दाराच्या कडीला हात लावताना पुन्हा चटका बसला, आणि या वेळी सासूने, बायजाबाईने तो पाहिला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. लूम बंद, म्हणून चाळीसमोरच्या अंगणात माणूस मावेना. पडघ्याहून नवशा भगत आला होता. त्याने चार जाड काचेचे ग्लास जमिनीवर उपडे ठेवले, त्यांवर लाकडी पाट ठेवला आणि कमळला पाटावर बसवलं.

"पाय भुईला लागला तर पोटातलं पोर भुई गिळंल!" तो ओरडला.

कमळने पाय पोटाशी घेतले. भगताने झोळीतून सशाचं केसाळ कातडं काढलं आणि तिच्या नायलॉनच्या साडीवर, पाठीवर फटाफट मारायला सुरुवात केली. "उत्तरेची बाय, दक्खनची माय, लोखंडाला भ्याय, बोल तू हाय का न्हाय!" यमक जुळलं की मंत्र झाला, असा त्याचा कारभार होता. गर्दीला तेवढं पुरत होतं.

कमळच्या कपाळावरचे मोकळे केस हळूहळू वर उठले. तिला ते जाणवलं. दंडावरची लवही उभी राहिली. भगताने लोखंडी त्रिशूळ पुढे केला आणि तिच्या नाकाच्या शेंड्यातून चट्ट करून ठिणगी गेली. गर्दी किंचाळली.

"बाळंतपणात मेलेली बाई हाय ही," भगत म्हणाला. "पोर मागते. पाच वाजता पोटावर तीन डाग द्यायचे. मग सोडंल."

चुलीत विळा घातलेला होता. त्याचं टोक लाल व्हायला लागलं होतं. कमळने नवऱ्याकडे पाहिलं. दौलत मान खाली घालून उभा होता.

"आई," ती सासूला म्हणाली, "पोटावर नको. हातावर द्या. पोटावर नको."

बायजाबाई रडत होती. "तुझ्यासाठीच करतेय गं पोरी." सून गरोदर राहिल्यापासून या बाईने तिला जमिनीवर अनवाणी पाऊल ठेवू दिलं नव्हतं. कारखान्यात मशीन म्हणजे लक्ष्मी, म्हणून सगळ्या बाया चपला दाराशी काढत. कमळसाठी मात्र तिने शेठकडे शब्द टाकून परवानगी आणली होती आणि बुधवारीच, जुनी चामड्याची तुटली म्हणून, नवी प्लॅस्टिकची चप्पल घेऊन दिली होती.

कमळला आता खरंच पोटात कुणीतरी परकं आहे असं वाटू लागलं. भगत म्हणतो ते खोटं, असं म्हणायला तिच्याकडे काहीच नव्हतं. ठिणगी तिनेही पाहिली होती.

तेवढ्यात मागून आवाज आला. "भगत, तो एक ग्लास काढा की."

अनंता रंगारी पुढे आला. कोपरापर्यंत निळे हात. डाइंगमध्ये सूत रंगवायचा आणि वाचनालयातून शास्त्रज्ञांची चरित्रं आणून वाचायचा, म्हणून चाळीत त्याची चेष्टा व्हायची.

"आसन हाललं तर पोर जाईल!" भगत गरजला.

"मग मी हलवत नाही. पण मला एक सांगायचं आहे. अडीचशे वर्षांपूर्वी इंग्लंडात स्टीफन ग्रे नावाचा माणूस होता. माझ्यासारखाच रंगारी. वीज कशातून वाहते याचा शोध त्याने लावला. लांब दोरीतून ती न्यायची, आणि दोरी रेशमाच्या धाग्यांवर टांगायची, असा त्याचा प्रयोग होता. एकदा रेशीम तुटलं. त्याने जागेवर पितळेची तार लावली. तारेने वीज निसटून गेली, पुढे पोचेना. रेशीम तिला अडवतं, धातू सोडतो, हे त्याला असं कळलं. मग त्याने एका पोराला रेशमी दोऱ्यांवर आडवं टांगलं आणि घासलेली काच त्याच्या जवळ नेली. पोराकडे पितळेचा वर्ख उडून यायला लागला. कुणी त्याला डाग दिले नाहीत."

"इंग्लंडचं हितं काय?" कुणीतरी म्हणालं.

"हितं रेशमाच्या जागी काच आहे. आणि कारखान्यात होती प्लॅस्टिकची चप्पल. नायलॉन घासलं की वीज साठते. बाकीच्या बाया अनवाणी, त्यांची वीज जमिनीत जाते. हिची जायला वाट नाही. कमळ, पाय खाली ठेव."

भगताने विळा चुलीतून ओढला. "ठेव! पोर गेलं तर ह्याला विचार!"

अनंताचं कमळला निम्मं कळलं होतं, निम्मं नव्हतं. पण विळा तिच्यापासून हातभर होता, आणि जमीन वीतभर. तिने डोळे मिटले आणि पायाचा तळवा ओल्या मातीवर टेकवला. केस कपाळावर पडले. बाई अजून अंगात आहे हे दाखवायला भगताने कातडं दहा वेळा मारलं, त्रिशूळ लावला. ठिणगी नाही.

"पळाली ती!" भगत घाईने म्हणाला.

"मग आता आसनावर तुम्ही बसा," अनंता म्हणाला.

भगत बसेना. बायजाबाईने डोळे पुसले आणि कुणाला न विचारता पाटावर चढली. अनंताने कातडं उचललं आणि तिच्याही नायलॉनच्या साडीवर, पाठीवर मारलं. म्हातारीचे पांढरे केस उभे राहिले. दौलतने बोट पुढे केलं, चट्ट झालं, तो कळवळला.

"आता बोल, भगता," बायजाबाई वरूनच म्हणाली. "माझ्यात कोन मेलेली हाय?"

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. कमळ हसली नाही. ती दोन्ही हात पोटावर ठेवून भिंतीला टेकली. गोंधळात भगत झोळी घेऊन सटकला.

वाचकांना सांगायचं ते एवढंच: जे दिसतं ते खरं असेल, पण त्याचं कारण जो सांगतो त्याला आधी तपासा. दुसऱ्या माणसाला त्याच जागी बसवून पाहा. एवढं करायला शाळा लागत नाही, आणि विळा तापायला लागतो त्याहून कमी वेळ लागतो.

रविवारी सकाळी निरोप आला. अंबाडीत एका सहा महिन्यांच्या गरोदर बाईला त्याच भगताने पाटावर बसवलं आहे, डाग दुपारी बाराला.

"मीच त्याला हितं बोलावलं होतं," बायजाबाई म्हणाली, "मीच तितं सांगते." दीडच्या गाडीने परत येतो असं सांगून ती आणि अनंता नऊच्या एसटीने गेली.

कमळ स्टँडवर जाऊन थांबली. दीडची गाडी अंबाडीहून आली. ती दोघं गाडीत नव्हती. कमळ पुढच्या गाडीसाठी तिथेच थांबली.