समासातली निळी पेन्सिल

दोन महायुद्धांच्या मधली वीस वर्षं अभ्यासणाऱ्यांना जिवंत माणसांशी बोलायची फारशी सवय नसते. डॉक्टरीणबाईंनाही नव्हती. डॉक्टरेट मिळाल्यापासून विद्यापीठातला सगळा विभाग त्यांना याच नावाने हाक मारी, आणि शेजारचे बिचारे ताप आला की त्यांचं दार ठोठावत.

त्या काळातल्या एका साप्ताहिकावर त्यांनी अर्धी हयात घालवली होती. त्यात ‘पहारेकरी’ या टोपणनावाने एक सदर येई. कोणत्या गल्लीत, कोणत्या घरात ‘परके’ राहतात, ते दर आठवड्याला छापलं जाई आणि मग ती घरं रिकामी होत. चौदा अंकांत चौदा कुटुंबं गेली, परत कोणी आलं नाही. हा पहारेकरी कोण? दोन वर्षांपूर्वी डॉक्टरीणबाईंनी साप्ताहिकातल्या अकरा जणांची वाक्यं सदराशी ताडून पाहिली आणि खापर फोडलं तिथल्या मुद्रितशोधकाच्या डोक्यावर. वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं.

मुद्रितशोधकाची मुलगी, नव्वदीला टेकलेली निवृत्त शिक्षिका, तेव्हा काठी टेकत आली होती. “माझे बाबा असं लिहिणारे नव्हते हो,” म्हणाली. “पुरावा आणा,” असं सांगून डॉक्टरीणबाई चष्मा पुसत बसल्या होत्या.

आज म्हातारीने पुरावा आणला होता. साप्ताहिकाच्या व्यवस्थापकाच्या नातवाच्या माळ्यावरून उतरवलेली पत्र्याची ट्रंक, आणि तीत कचेरीच्या प्रतीचे अंक. ग्रंथालयातल्या अंकांचे समास कोरे होते, त्यामुळे आजवर कोणाला पत्ताच नव्हता, की व्यवस्थापक कचेरीच्या प्रतीत प्रत्येक मजकुराशेजारी समासात निळ्या पेन्सिलीने खऱ्या लेखकाचं नाव लिहून ठेवी. टोपणनावांच्या त्या गर्दीत वाचकांची पत्रं कोणाकडे धाडायची, हे त्याला कळायला हवं ना!

“मला आता अक्षर दिसत नाही,” म्हातारी म्हणाली. “शेजारणीकडून वाचून घेता आलं असतं. पण आळ तुम्ही घेतलात, तो तुमच्याच तोंडून उतरू दे.”

डॉक्टरीणबाईंनी पहिला अंक उघडला. मग दुसरा, तिसरा. चौदाही अंकांत सदराशेजारी एकच नाव होतं, आणि ते त्यांच्या आजोबांचं होतं.

आजोबा म्हणजे करुणेचे कवी, शाळेच्या पुस्तकात गेलेले; त्या साप्ताहिकातही त्यांच्या कविता येत. त्यांच्यावरचं डॉक्टरीणबाईंचं पुस्तक छापायला गेलं होतं. अंथरुणाला खिळलेले वडील रोज विचारत, “आलं का गं बाबांचं पुस्तक?” अकरा जणांना तपासलं, पण त्यांत आजोबांना घेतलं नव्हतं. घरच्या माणसाला कोण तपासतं? त्यांच्या मांडीवर बसून तर त्या बोलायला शिकल्या होत्या. 

“काय लिहिलंय?” म्हातारीने विचारलं.

“तुमचे बाबा नाहीत.” एवढं तरी त्या खरं बोलल्या.

म्हातारी आवाज न करता रडली. पदराने डोळे टिपून म्हणाली, “मग कोण?”

“पुसट झालंय. अक्षर लागत नाही.”

“बरंच झालं. त्याचीही कोणी लेक असेल, नात असेल. दोन वर्षं भाजी आणायलासुद्धा मान खाली घालून गेले मी. वैऱ्यावरही अशी वेळ नको.”

डॉक्टरीणबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचीच त्यांना किळस आली.

म्हातारीने कोरा कागद पुढे सरकवला. “तेवढं लिहून द्या मला.”

त्यांनी लिहिलं, की पहारेकरी म्हणजे मुद्रितशोधक नव्हेत, खरा लेखक अज्ञात आहे, चूक माझी होती. तारीख घातली. सही करताना हात आडनावापाशी अडला. तेच आडनाव समोरच्या समासात निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, जराही पुसट न झालेलं.

“पूर्ण नाव लिहा हं,” म्हातारी शाळेतल्या सवयीने म्हणाली.

त्यांनी पूर्ण नाव लिहिलं. म्हातारीने कागदाची घडी पिशवीत ठेवली, उठताना त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “ट्रंक राहू दे तुमच्याकडेच. तुमच्याइतकी नीट कोण सांभाळणार?”