दुसऱ्यांदा ओढलेली लॉरी

दुपारी सव्वातीनला आर्ची गेडीजने बियरच्या पिंपांनी भरलेली लॉरी पांढऱ्या रेषेपलीकडे ओढून नेली. ती रेषेला पोहोचण्याआधीच समोरच्या कॅमेऱ्यातली फिल्म संपली होती.

आर्चीला हे कळलं नाही. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता आणि कुणीतरी त्याच्या खांद्यावरचे पट्टे सोडवत होतं. पंच लॉरिमर हातातल्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "आजची सगळ्यात चांगली वेळ." आर्चीने नुसती मान हलवली.

त्याचं वय बेचाळीस. आदल्या दिवशी तो स्कॉटलंडच्या डोंगरात, गावोगावच्या खेळांत ओंडके आणि गोळे फेकत होता. तिथून रातोरात गाडी हाकत यॉर्कशरच्या किनाऱ्यावरच्या या सुट्टीवाल्यांच्या छावणीत आला. डावा खुबा हिवाळ्यापासून ठणकत होता. हा मोसम शेवटचा, असं डॉक्टरने बजावलं होतं. आजच्या या ताकदीच्या स्पर्धेत जो पहिला येईल तो एकटाच अमेरिकेतल्या जागतिक स्पर्धेला जाणार होता. पुढच्या वर्षी पाहू, असं म्हणायची सोय आर्चीला नव्हती.

टीव्हीवाल्यांचा या खेळावर अजून हात बसला नव्हता. सकाळी एका फळीवर पोहण्याच्या कपड्यातल्या चार मुलींना बसवून स्पर्धकांना ती फळी उचलायला लावली होती. समुद्रावरच्या वाऱ्यात मुली इतक्या कुडकुडल्या की फळीच हलायला लागली. रेनकोट घालून बसलेल्या प्रेक्षकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते सांगायला एक माणूस पाटी घेऊन उभा होता.

नायजेल नावाचा सहायक धावत आला. "गेडीजसाहेब, काय ओढलीत! फक्त एकदा परत ओढाल का? ऐन वेळी आमची फिल्म संपली."

"परत?"

"लॉरी मागे नेतोच आहोत. तोवर चहा घ्या. आणि या वेळी चेहऱ्यावर जरा जोर दिसू द्या."

शेफील्डचा बॅरी हेबलथ्वेट बाकावर पाय पसरून सँडविच खात होता. सव्वीस वर्षांचा गडी, गुणांत आर्चीच्या पाठोपाठ. "काय म्हातारबा, लॉरीचा जीव जडलाय वाटतं तुमच्यावर?"

"तुझ्याकडे आधी गेली होती. तुझा घाम हुंगून माझ्याकडे पळून आली."

बॅरी तोंडातल्या घासासकट हसला.

डोंगरातल्या खेळांत प्रत्येकाला तीन संधी मिळतात आणि सगळ्यात चांगली तेवढी धरतात. एक फेक चांगली पडली की पुढच्या दोन वाया गेल्या तरी बिघडत नाही. हे तिथे कुणी कुणाला सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. आर्ची वीस वर्षं असाच खेळत आला होता. आपली चांगली वेळ तर झाली, आता टीव्हीवाल्यांची हौस भागवायची, असा त्याने हिशोब केला. दगड उचलायचे अजून बाकी होते. खुबा त्यांच्यासाठी राखून ठेवायला हवा होता.

दुसऱ्यांदा त्याने नायजेलच्या मनासारखे दात विचकले, मानेच्या शिरा ताणल्या आणि पाय मात्र बेताने टाकले. टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त पडल्या.

मग फळ्यावरचे आकडे बदलले. लॉरीच्या फेरीत बॅरीचं नाव आर्चीच्या वर गेलं होतं.

"हे काय?" आर्चीने विचारलं.

लॉरिमरने नजर चुकवली. तोही एके काळी त्याच खेळांत ओंडके फेकायचा. "जी ओढ पडद्यावर दिसेल तिचीच वेळ धरायची, असं टीव्हीवाले म्हणतात. लोक घरी बसून घड्याळ लावतील, मग चित्रात एक आणि फळ्यावर दुसरं कसं चालेल?"

"मला कुणी सांगितलं नाही."

"मला तरी कुठे सांगितलं? मीही तुझ्यासारखाच. चांगली तीच धरायची असं समजून बसलो."

"मग भांड की त्यांच्याशी."

"भांडतो. तू दगड उचल."

आर्चीने दगड उचलले. शेवटचा दगड पिंपावर ठेवताना खुब्यात सुरी फिरल्यासारखं झालं, पण दगड बसला. एकूण बेरीज झाली तेव्हा बॅरी अर्ध्या गुणाने पुढे होता. लॉरीची पहिली वेळ धरली असती, तर आर्ची पहिला.

बॅरी त्याच्या शेजारी येऊन बसला. थट्टा संपली होती. "पहिली ओढ पाहिली मी. कुणी विचारलं तर सांगेन."

"विचारतील?"

"नाही."

"आणि आपणहून?"

बॅरी बुटाची नाडी सोडू लागला. "घरी फोन केला मी. जिंकलो म्हणून बायकोने एव्हाना गल्लीभर सांगितलं असेल हो," तो म्हणाला. आर्चीने पुढे विचारलं नाही. सव्विसाव्या वर्षी आपण काय केलं असतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि शोधून काढायची ताकदही उरली नव्हती.

लॉरिमर दोन घड्याळं घेऊन टीव्हीवाल्यांच्या गाडीत शिरला. त्यातल्या एकावर पहिल्या ओढीची वेळ तशीच होती; तो काटा त्याने शून्यावर आणला नव्हता.

छावणीच्या दाराशी फोन होता. आर्चीने घरी लावला.

"जिंकलास का रे?" एल्स्पेथने विचारलं.

"अजून ठरायचंय."

"स्पर्धा झाली ना?"

"झाली."

"मग ठरायचं काय राहिलंय?"

"घरी आल्यावर सांगतो."

"बरं. खुबा?"

"आहे."

गुरुवारी लॉरिमरचा फोन आला. बाजूला आणखी एक कॅमेरा होता. त्यात पहिली ओढ शेवटपर्यंत आली असेल तर ती दाखवायला आणि धरायला निर्माते तयार होते. फिल्म धुवायला लंडनला गेली होती. शनिवारी पुढच्या गावचे खेळ होते, आणि आर्ची गाडीत सामान भरायला बाहेर पडला तोवर फिल्म धुऊन आलेली नव्हती.