कप्तान रॉडाचं नाव

ट्रिस्ट्रम हॉकिंग तेराव्या वर्षी आरमारात शिरला आणि पुढची तीस वर्षं हुकूम पाळत कमांडरपदापर्यंत चढला. तिथेच त्याची बढती अडली. कारण एकच, चौकशीत तो खरं बोलला होता.

‘हार्टलँड’ जहाजावर तो कप्तान रॉडाचा उजवा हात होता. दाट धुक्यात रॉडाने वेग कमी करायची परवानगी दोनदा मागितली. ताफ्याचे ॲडमिरल थॉर्प यांना संध्याकाळच्या मेजवानीआधी बंदर गाठायचं होतं. त्यांनी दोन्ही वेळा नकार दिला. जहाज खडकावर फुटलं. साठ खलाशी आणि कप्तान गेले. हॉकिंगने चौकशीत हे सांगूनही ठपका आला तो मेलेल्या कप्तानावर.

चार वर्षांनी डेव्हनपोर्टच्या धक्क्यावर त्या खलाशांचं स्मारक उभं राहिलं, आणि अनावरणाला कोण, तर थॉर्प! हॉकिंग दात आवळून गेला. लोकांना अडवायला बांधलेल्या दोरीपलीकडे गर्दीत त्याला रॉडाची बायको, लव्हडे, उभी दिसली.

“तुम्ही इथे?”

“बोलावलंय कुणी मला? दगडावर माझ्या नवऱ्याचं नावसुद्धा नाही म्हणे.”

हॉकिंगचं डोकं सणकलं. त्याने दोरी उचलली, लव्हडेला हाताला धरून नेलं आणि थेट पहिल्या रांगेत बसवलं.

थॉर्प भाषण थांबवून खेकसले, “हॉकिंग, हा काय तमाशा? त्यांना मागे ने.”

“नाही नेणार, सर.”

“हुकूम आहे माझा!”

“तुमचा हुकूम रॉडानेही पाळला होता!” हॉकिंग गर्दीकडे वळून ओरडला. “धुक्यात वेग कमी करू द्या म्हणून त्याने दोनदा विचारलं. ह्या माणसाने दोनदा नाही म्हटलं. ह्याच्या जेवणाला उशीर होत होता!”

मग काळी शाल घेतलेली एक म्हातारी पुढे आली. तिचा मुलगा जहाजाच्या भट्टीवर होता.

“चार वर्षं कुठे शेपूट घालून बसला होतास रे?”

“मी चौकशीत सांगितलं होतं, बाई.”

“बंद दारामागे! आम्हाला कुणी सांगितलं? मी रोज त्या रॉडाला शिव्याशाप देत होते!”

म्हातारी थॉर्पवर थुंकली, तशी गर्दी दोरी तोडून आत घुसली. ॲडमिरल कसेबसे गाडीत चढून पळाले. स्मारकावरचा पडदा दुसऱ्या दिवशी झाडूवाल्याने काढला.

महिन्याभरात हॉकिंगला घरी बसवलं. रॉडाचं नाव कोरायला आरमाराने साफ नकार दिला. मग ती म्हातारी आणि लव्हडे छिन्नी-हातोडी घेऊन गेल्या. अक्षरं वेडीवाकडी आली. पोलीस हटकायला आला, तेव्हा त्यांच्यासोबत आलेला हॉकिंग मध्ये उभा राहिला.

“आधी मला हलव,” तो म्हणाला.