बंद दाराची ओळ

मी एक जुनी सूरशिट्टी आहे. मित्रांनो, शिट्टी म्हटल्यावर तुम्हाला खेळाच्या मैदानावरची शिट्टी आठवेल. मी तशी नाही. मी चेरीच्या लाकडाची, तळहातावर मावणारी चपटी डबी आहे. माझ्या पोटात एक सरकपट्टी आहे. ती बाहेर ओढली की माझा सूर उतरतो आणि आत ढकलली की चढतो. गाणे सुरू होण्याआधी मला एकदा फुंकायचे, म्हणजे सगळे एका सुरात गातात. मग मी पुन्हा खिशात जाते.

अमेरिकेत व्हरमाँटच्या डोंगरातल्या एका गायनमास्तरांनी मला घडवले. माझ्या ओठापाशी त्यांचा चाकू आला तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. खरे सांगायचे तर माझा स्वभावच भित्रा आहे. जिच्या पोटात दुसऱ्यांचा श्वास शिरतो, तिला दुसऱ्यांची भीतीही लगेच कळते. श्वास थरथरला की माझा सूरही थरथरतो.

मास्तर गेले आणि मी त्यांच्या मुलीकडे, केझायाकडे आले. केझाया भक्तिगीते रचायची. चाली जुन्याच असत, मक्याची कणसे सोलताना लोक गुणगुणत त्या. शब्द तेवढे तिचे. लोणी घुसळताना ती ओठातल्या ओठात ओळी जुळवायची आणि मी तिच्या एप्रनच्या खिशात बसून ऐकायची. किती सुखाचे दिवस होते ते!

मग १८४४ साल आले. प्रभू येशू परत येणार, तोही ऑक्टोबरातल्या एका ठरलेल्या मंगळवारी, असा आमच्या खोऱ्यातल्या पुष्कळ लोकांचा विश्वास बसला. त्या दिवशी तो विश्वासणाऱ्यांना वर उचलून नेईल आणि मग दार लागेल, असे उपदेशक सांगत. त्या वर्षी कित्येकांनी शेतातले बटाटे काढलेच नाहीत. काढले तर विश्वास डळमळला असे होईल ना!

केझायाचा नवरा ऑरिन मात्र रोज बटाटे काढत होता. माणूस भला, पण सभेला यायचा नाही.

"प्रभू आला तर मी टोपी काढून उभा राहीन," तो म्हणायचा. "पण बटाटे काही आपले आपण वर यायचे नाहीत."

"तुला थट्टाच सुचते," केझाया म्हणायची.

"थट्टा नाही गं. हिवाळा दरवर्षी न चुकता येतो. त्याला मी ओळखून आहे."

त्याच दिवसांत केझायाने एक गीत रचले. त्यात अशी ओळ होती:

दार लागले, दार लागले,
बाहेर राहिले ते राहिले.

आत असलेल्यांच्या आनंदात तिने ती लिहिली होती. मंडळीचे वडीलधारे लेम्युएलकाका तर ती ओळ टेबलावर मूठ आपटून म्हणायचे. प्रत्येक सभेत तेच गीत आणि प्रत्येक वेळी सूर माझा. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. केझायाची सात वर्षांची मुलगी थर्झा आईला चिकटून बसायची, सगळे गीत गायची आणि त्या ओळीवर तोंड मिटून घ्यायची.

एकदा तिने विचारले, "आई, बाबा सभेला आलेच नाहीत, तर ते दाराच्या कुठल्या बाजूला?"

"येतील गं ते."

"पण नाही आले तर?"

"थर्झा, दूध उतू चाललंय बघ," केझाया म्हणाली. दूध उतू जात नव्हते.

तो मंगळवार उजाडला. सगळी मंडळी लेम्युएलकाकांच्या घरी जमली. कोणीही चूल पेटवली नव्हती. बाहेरून बैलगाडी खडखडत गेली तरी बाकांवरची माणसे दचकायची. केझायाने मला फुंकले, तेव्हा तिचा श्वास इतका कापरा होता की सूर धड लागेना. गीत झाले, सगळ्यांनी डोळे मिटून लांबलचक प्रार्थना केली आणि डोळे उघडले.

थर्झा जागेवर नव्हती. बाकाखाली तिचे बूट तेवढे होते. शेजारीशेजारी नीट ठेवलेले आणि रिकामे.

मागच्या बाकावरची म्हातारी हेप्सीबा किंचाळली, "नेली! पोरीला वर नेली! आणि आपण राहिलो!"

मित्रांनो, ती किंकाळी मी जन्मात विसरणार नाही. कोणी छाती पिटू लागले. कोणी छताकडे पाहू लागले, जणू तिथे भोक पडले असेल. लेम्युएलकाका मटकन खाली बसले. "माझं कुठं चुकलं?" एवढेच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

केझायाने बूट उचलले. ते गार पडले होते. खिशातून मला तिच्या काळजाचे ठोके ऐकू येत होते. मुलगी प्रभूपाशी गेली असेल तर तिला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मनात तिचीच ओळ घुमत होती. बाहेर राहिले ते राहिले. आता बाहेर ती स्वतः होती.

ती दाराकडे धावली.

"केझाया, थांब!" लेम्युएलकाका ओरडले. "आलीच आहे ती घटका. आत्ता बाहेर पाऊल टाकशील तर कायमची मुकशील!"

"माझी पोर आत नाही," ती म्हणाली. "मग मी आत राहून काय करू?"

आणि ती बाहेर पडली. नुसती हाक दूरवर पोचणार नव्हती. मग तिने मला ओठांना लावले. ओलीने माझी पट्टी फुगून अडकली होती. मी कशीबशी चिरकले. ती पुन्हा फुंकत होती, धावत होती, पुन्हा फुंकत होती. मला वाटले, माझे लाकूड आता उभे चिरणार.

दगडी कुंपणापलीकडून आवाज आला, "आई, तू कशाला आलीस? दार लागेल ना!"

बटाट्यांच्या वाफ्यात थर्झा चिखलाने माखलेल्या अनवाणी पायांनी उभी होती. बापाचा जाड कोट ती त्याच्या अंगावर चढवू पाहत होती, पण तिचा हात त्याच्या खांद्यापर्यंत पोचत नव्हता.

"बाबा बाहेरच राहणार ना," ती म्हणाली. "बाहेर थंडी असते. म्हणून मी घरी जाऊन कोट आणला. आणि एकट्यांना भीती वाटेल, म्हणून मीपण इथंच राहणार आहे."

"आणि बूट गं?"

"ते वाजतात. तुम्ही प्रार्थना करत होता ना."

ऑरिनने फावडे खाली टाकले. "मला वाटलं, तूच पाठवलंस हिला," तो म्हणाला. तो खाली बसला आणि लेकीचे गारठलेले पाय आपल्या हातांत घेऊन चोळू लागला. केझाया तिथेच मातीत बसून रडली.

मग ती थर्झाला घेऊन सभेच्या दारात गेली, कारण आतली माणसे अजून भेदरलेली होती. हेप्सीबाने पोरीचे नाक चिमटीत धरून पाहिले. "मेले, जीव घेतलास की माझा!" म्हणत तिने तिला घट्ट कवटाळले.

सूर्य मावळला. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यावरून लोक विचारत होते, "काय हो, गेला नाहीत अजून? शिडी कमी पडली का?" आमची माणसे खाली मान घालून चालायची.

रविवारी मोजकेच लोक जमले. कोणाला गावेसे वाटत नव्हते. केझायाने मला हातात घेतले आणि सांगितले, "तेच गीत म्हणू या. फक्त एक ओळ बदलली आहे."

दार लावू नको, प्रभू, अजून,
बाहेरच्याला आत घे नाव घेऊन.

"शास्त्रात दार लागतं," लेम्युएलकाका पुटपुटले.

"लागत असेल, काका. शास्त्राला मी हात लावत नाही. ओळ माझी होती, ती बदलली."

काकांनी मूठ उघडून टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "सूर जरा खालचा दे, पोरी. आज आवाज वर चढायचा नाही."

गीत संपता संपता ऑरिन उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. "झालं असेल तर चला, काका. जमीन गोठायच्या आत तुमचे बटाटे काढू. मी फावडी दोन आणली आहेत."

लेम्युएलकाका लाजले, पण उठले.

पुढे मंडळीत बाजाची पेटी आली आणि मी खणात पडले. कित्येक हिवाळे मला कोणी हात लावला नाही. माझ्या अंगाला चीर गेली. आता थर्झाच्या पणतीने मला मऊ कापडात गुंडाळून ठेवले आहे. ते गीत अजून गातात, हसऱ्या चेहऱ्याने गातात. ती ओळ भीतीतून आली, हे आता कोणाला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू सापडली तर तिला ओलीपासून जपा. पण त्याहून आधी माणसांना जपा. तुमच्या शेजारी बसलेले लहान मूल गाता गाता एखाद्या ओळीवर गप्प झाले, तर 'मोठ्याने म्हण' असे त्याला सांगू नका. त्याला कशाची भीती वाटते ते विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.