सालीखालची वाट

मी दिंडोरीजवळच्या एका द्राक्षबागेतली, कडेच्या ओळीतली वेल बोलतेय. माझ्यासारखी दुसरी वेल जगात नाही. ही फुशारकी नव्हे. द्राक्षांच्या नव्या जाती काढणाऱ्या वेदिकाताईंनी गोड द्राक्षाच्या फुलावर रानटी वेलीचा पराग टाकला आणि तीनशे बिया रुजवल्या. मग केवडा रोग आला. माझ्या सगळ्या बहिणी गेल्या, मी तेवढी उरले.

रोग पानात शिरतो तो साखरेसाठी. मी त्याला थारा देत नाही. तो जिथे बसेल तेवढा ठिपका स्वतःच वाळवते आणि त्याला उपाशी मारते. याचा मला गर्व आहे, खोटं कशाला बोलू? बाकीची साखर सालीखालून घडांना जाते आणि मुळांनाही. मुळं अंधारात राबतात, पण त्यांचं जेवण वरूनच यायचं.

यंदा मला पहिल्यांदाच घड लागले. मणी बारीक होते. बागेत पंधरा वर्षं काम करणाऱ्या लताबाईंना माझी कीव आली. मणी फुगावेत म्हणून इथे खोडाच्या सालीचं कडं काढतात. साखर खाली न उतरता घडातच राहते आणि महिन्याभरात जखम भरते. लताबाईंनी माझंही काढलं, पण त्यांचा हात जाड, जुन्या खोडांना सरावलेला. माझी साल कोवळी. चाकू लाकडात गेला आणि जखम भरलीच नाही.

घड मात्र टपोरे झाले. वेदिकाताई कौतुकाने बघायला आल्या आणि कडं दिसताच वाकून जखम चाचपू लागल्या.

"ताई, लय बारीक मनी व्हते," लताबाई डोळे पुसत म्हणाल्या. "तुमच्या वेलीलाबी चांगले घड यावे वाटलं मला."

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी एक मणी तोंडात टाकला. फार गोड होता. ती मुळांच्या वाट्याची साखर होती, हे त्यांना कळत होतं.

कड्याच्या खाली एक फुटवा आला होता. असे फुटवे दिसताच खुडायचे, ही बागेची रीत. लताबाईंचा हात गेलाच.

"हा राहू द्या. ही बियाची वेल आहे, कलम नाही; खालून फुटलेलं तेही तीच," ताई म्हणाल्या. "आता मुळांना याचीच पानं पोसतील. याच्या काड्या लावल्या तर जात वाचेल."

माझी वरची पानं पिवळी पडलीत. मुळं पाणी कमी देतात, पण त्यांना दोष कसा देऊ? लताबाईंनी फुटव्याला काठीचा आधार दिलाय. रोज सकाळी आधी त्याच्याकडे येतात.

बायांनो, ओळीतून जाताना सवयीने हात पुढे येईल. तेवढा मागे घ्या. वरची मी जाईन, त्याचं काही नाही. खालची मी अजून वीतभरच आहे.