टिटवी

“मॅडम, तुमच्या स्वतःच्या गाडीत हे यंत्र चालू असतं की बंद?”

तोफेच्या तोंडून प्रश्न सुटला आणि मागे उभ्या असलेल्या चष्मिसने लवंगीचा दंड घट्ट आवळला. पैज तशीच लागली होती. बसमधून उतरतानाच लवंगी म्हणाली होती, “रस्ता सुरक्षा संशोधन केंद्र म्हणे! तासभर आकडे ऐकून जांभया देणार आपण. हिंमत असेल तर त्यांच्या मोठ्या बाईंना हे विचार. न हसता. नाहीतर आठवडाभर माझं दप्तर तुझ्या खांद्यावर.” तोफेला हिंमतीचं आव्हान देणं म्हणजे माशाला पोहायचं आव्हान देणं. वर्गात तिला सगळे तोफच म्हणत. या शाळेत नवी आली तेव्हा पहिले सहा महिने हिच्या तोंडून हजेरीचं ‘हजर’सुद्धा निघत नव्हतं, हे आता सांगून कुणाला पटलं नसतं.

वर्गशिक्षकांनी डोळे वटारले. संशोधक बाईंनी मात्र हातातली कांडी खाली ठेवली. आखूड पांढरे केस, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

“उत्तर तूच शोध,” त्या म्हणाल्या. “ये, बस. एक मैत्रीण घे चालवायला.”

दालनाच्या मध्यावर अर्धी कापलेली गाडी होती. पुढच्या दोन सीट, स्टिअरिंग, आणि काचेच्या जागी भिंतभर पडदा. चष्मिस चालवायला बसली, तोफ तिच्या डाव्या हाताला.

“परवाना आहे का गं?” मागून कुणीतरी ओरडलं.

“आहे की. चष्म्याचा!”

पडद्यावर रस्ता पळायला लागला. समोरच्या वाहनाशी अंतर कमी झालं, की यंत्र आधी ओरडतं, एवढं बाईंनी सांगितलेलं होतं. चष्मिसचं लक्ष रस्त्यापेक्षा मैत्रिणींकडे. एक हात सोडून ती राणीसारखी लोकांना अभिवादन करत होती. टीं-टीं, टीं-टीं. मुली खिदळल्या. टीं-टीं, टीं-टीं. रस्त्यात उभा असलेला एक टेम्पो मोठा मोठा होत गेला. मग आवाज थांबला आणि चष्मिस सरळ टेम्पोत घुसली. पडद्यावर काच तडकली. वर्ग पोट धरून हसला.

तोफ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होती. तो स्टिअरिंगच्या शेजारच्या छोट्या चौकोनी बटणावर होता. ती तिकडे वळलीही नव्हती. अंधारात आपल्या घरातल्या दिव्याकडे हात जावा, तसा तो आपणहून गेला होता.

वर्ग पुढच्या दालनात गेला. बाई तिथेच थांबल्या.

“सकाळपासून तू तिसरी,” त्या म्हणाल्या. “माझ्या गाडीत मी चालू करते, शेजारी बसलेली माझी आई बंद करते. तिचं डोकं उठतं म्हणे.”

तोफ हसली नाही.

“लोक हे बंद का करतात ते बघायला आम्ही बऱ्याच गाड्यांत कॅमेरे लावले होते. तोवर आम्ही चालवणाऱ्यालाच दोष देत होतो. मग चित्रं बघितली, तर बटणावरचा हात कितीदा तरी शेजारच्याचा. फोन आलाय म्हणून. गाणं ऐकू येत नाही म्हणून. मागे बाळ झोपलंय म्हणून.”

“बाळ नव्हता तो,” तोफ म्हणाली. “सतरा वर्षांचा होता.”

बाईंनी एक खुर्ची ओढली. त्या तिच्यासमोर बसल्या. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलला.

“ज्यांच्या घरी अपघात झालाय त्यांच्या आम्ही मुलाखती घेतो. आवाज कुणी बंद केला, हे कुणीच सांगत नाही. कळलं तर बटण कुठे ठेवायचं, ठेवायचं की नाही, ते ठरवता येईल. तुझ्यावर सक्ती नाही. द्यावीशी वाटलीच, तर तू लहान आहेस, आई-वडील दोघांच्या सह्या लागतील.”

“त्यानं कुणी वाचेल?”

“बहुधा. पुढे कधीतरी. कुणीतरी.”

“आमचा दादा नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये लवंगीने पैज हरल्याचं मान्य करून तोफेचं दप्तर मांडीवर घेतलं. तोफ खिडकीबाहेर बघत राहिली. “तोफेची दारू भिजली वाटतं,” लवंगी म्हणाली आणि मग तिचा चेहरा बघून दुसरीकडे वळली.

त्या दिवशी दादा परीक्षा देऊन गाडीच्या मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपला होता. गाडीतल्या त्या यंत्राचं नाव ‘टिटवी’ त्यानंच ठेवलेलं. तीन रात्री जागून अभ्यास केला होता त्यानं. टिटवी ओरडली की त्याच्या कपाळाला आठी पडायची, तो कूस बदलायचा. दोनदा बदलली. मग बारा वर्षांच्या बहिणीने पुढच्या सीटवरून हात लांबवून टिटवी गप्प केली. पुढे उतरतं ऊन थेट काचेवर आलं आणि त्या उन्हात एक बंद पडलेला ट्रक उभा होता. बाबांनी शेवटच्या क्षणी गाडी उजवीकडे घेतली. पुढचे दोघे सुटले.

दवाखान्याच्या बाकावर पोलिसाने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले होते, “मीच बंद केलं होतं.” तिच्या डोक्यावर त्यांचा हात होता. बाबांना तसंच आठवत असेल, अशी समजूत तिनं तीन वर्षं जपली होती.

घरी पोचली तेव्हा बाबा नुकतेच कामावरून आले होते. गाडी विकल्यापासून ते चालतच येत-जात. पाऊण तास जायला, पाऊण तास यायला. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती.

“तुझ्या बाबांना सांग, चहा निवतोय.”

बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले होते. पण या घरात एकाचं वाक्य दुसऱ्यापर्यंत मुलीच्या तोंडूनच जायचं. आई त्यांना एकदाच बोलली होती, “एक बटण होतं. तेवढंही चालू ठेवता आलं नाही.” त्यानंतर तिला काही बोलायची गरजच पडली नव्हती.

तोफेने बाईंनी दिलेला कागद टेबलावर ठेवला. बाबांनी तो वाचला. पुन्हा वाचला. मग त्याची चौघडी करून त्यांनी तो शर्टाच्या खिशात टाकला आणि वरून अंगठ्याने दाबला.

“बाईंना सांग, वडील नाही म्हणाले.”

“बाबा, पण...”

“आत्ता कुठे बोलायला लागलीस गं तू,” ते म्हणाले. इतकं हळू, की ओट्यापर्यंत पोचू नये.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी नजर चहाच्या कपात घातली. म्हणजे तिचा हात पाहिला होता त्यांनी. तेव्हाच.

“कसला कागद आहे?” आईने मागे न वळता विचारलं. “विचार त्यांना.”

तोफेने विचारलं नाही. तिनं बाबांच्या खिशातून कागद काढला. त्यांनी तिचं मनगट धरलं, पण त्या पकडीत जोर नव्हता. चौघडी उलगडून तिनं कागद ओट्यावर, आईच्या ओल्या हातांशेजारी ठेवला. वर पेन ठेवलं. चार महिन्यांपूर्वी वक्तृत्वाच्या स्पर्धेत दोनशे माणसांपुढे तिचा आवाज कापला नव्हता. आता कापत होता.

“मी ही मुलाखत देणार आहे, आई. तू सही करशील न करशील. पण जे तिथे सांगायचंय ते आधी तुला सांगायचं ठरवलंय मी.”

आईने नळ बंद केला.

“त्या दिवशी बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.”