खंडेनवमीची हळद आणि मी

मी एक जुना पंखा आहे. मित्रांनो, वर छताकडे पाहू नका. तो माझा थोरला भाऊ, नुसता मिरवत असतो. मी कल्याणीच्या लॅपटॉपच्या पोटात राहतो. तळहातावर सहज मावेन, पण माझा तोरा छताएवढा आहे. तो का, ते आज ऐकाच.

लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. तो कामाला लागला की तव्यासारखा तापतो. मी तळाच्या आणि की-बोर्डजवळच्या छिद्रांतून गार हवा आत ओढतो आणि बाजूच्या धातूच्या जाळीतून सगळी उष्णता बाहेर फेकतो. मी थांबलो तर त्या मोठ्या हुशार मेंदूची हुशारी तिथेच संपते. माझं काम चोख झालं की ते कुणाला कळतही नाही. कॉलेजात असताना एका मैत्रिणीने कल्याणीला विचारलं होतं, "अगं, चालू आहे ना हा? आवाजच येत नाही!" ते वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे.

कल्याणीचं कॉलेज मी पार पाडलं. हिंजवडीतली तिची पहिली नोकरी लागली, तीही माझ्याच जिवावर, असं मी मानतो. मग त्या कंपनीने माणसं कमी केली आणि कल्याणी वारज्याच्या घरी बसून नवी नोकरी शोधू लागली. घरात ती आणि तिची आई, वासंतीबाई. खिडकीसमोर नवी इमारत उभी राहत होती आणि तिची बारीक धूळ दिवसभर घरात येत होती. आई लॅपटॉपचा पडदा रोज मऊ फडक्याने पुसायची. आत मीही आहे, हे तिला कोण सांगणार? त्यात टेबल टणक म्हणून ती लॅपटॉपखाली प्रेमाने गोधडीची घडी ठेवायची. माझं नाक खालच्या बाजूला असतं हो!

अशात खंडेनवमी आली. खराडीतल्या एका कंपनीची ऑनलाइन मुलाखत जवळ आली होती आणि कल्याणीचा सराव चालला होता. आईने चालू लॅपटॉपच उचलून पाटावर ठेवला.

"हत्यारांची पूजा असते ना आज? मग आपलं हत्यार हेच. याच्यावरच तुझी नोकरी यायची आहे," आई म्हणाली आणि तिने सढळ हाताने हळदकुंकू वाहिलं. वर अक्षता, झेंडूच्या पाकळ्या, शेजारी धूप. आयुष्यात पहिल्यांदा माझा मान झाला होता. माझा ऊर भरून आला आणि त्याबरोबर हळदही आत आली.

मुलाखतीच्या दिवशी मी जीव तोडून फिरलो. बाजूची जाळी धुळीने आणि हळदीने गच्च झाली होती, खाली गोधडी होती. माझी घरघर पलीकडे ऐकू गेली.

"तुमच्याकडे मिक्सर चालू आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर, लॅपटॉप आहे," कल्याणी ओशाळून म्हणाली. थोड्या वेळाने पडदा काळा झाला. मित्रांनो, एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तापलेलं यंत्र बंद पडलं. मी शेवटपर्यंत हरलो नव्हतो.

कल्याणीने मोबाइलवरून विनवण्या केल्या. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली, पण ती शेवटची. तिने लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, यंत्र गार होऊ दिलं आणि बारक्या स्क्रू-ड्रायव्हरने तळ उघडला. आत मी पिवळाधमक!

आईचा चेहरा उतरला. "माझ्यामुळे झालं का गं हे?"

कल्याणीने माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. "आई, हा लॅपटॉप आहे. जेजुरी नाही."

डोळ्यांत पाणी असतानाच आईला हसू फुटलं. तिने कपाटातून मऊ कोरा ब्रश आणून दिला. कल्याणीने माझी पाती बोटाने हलकेच धरून ठेवली, म्हणजे मी गरगरा फिरून मोडू नये, आणि जाळीतला थर अलगद काढला. लोकरीच्या जाड नमद्याचा तुकडाच निघाला तो! दुसऱ्या दिवशी टेबलावर गोधडी नव्हती. मी पोटभर श्वास घेतला. मुलाखत सुरू झाली, रंगली, संपली. मिक्सरचं नाव कुणी काढलं नाही. नोकरी मिळाली.

आता कंपनीने तिला नवाकोरा लॅपटॉप दिला आहे. मला वाटलं, संपले आपले दिवस. पण यंदाच्या खंडेनवमीला आईने पाट मांडला आणि म्हणाली, "आधी जुन्याला उघड. नव्याला अजून घाम कुठे फुटलाय?" आधी ब्रश, मग पूजा. हळदकुंकू पाटाला लागलं, माझ्या शेजारी एक अख्खं फूल आलं.

मित्रांनो, तुमच्याही लॅपटॉपमध्ये माझा एखादा भाऊबंद राबतो आहे. त्याला गादीवर कोंडू नका, मधूनमधून मोठ्यांकडून त्याची धूळ काढून घ्या. तो तुमचं नाव राखेल.

पूजा झाल्यावर कल्याणीने मला सुरू केलं. आई वाकली आणि तिने लॅपटॉपला कान लावला.

"अगं, चालू आहे ना हा? आवाजच येत नाही!"

मी फिरत होतो.